साठ वेळा वाजलेली तबकडी

पुढे या मुलीला अख्ख्या इंग्लंडने डोक्यावर घेतलं. तेव्हा तिचं नाव वेगळं होतं, केसांचा रंग वेगळा होता आणि उच्चार इतके स्वच्छ धुतलेले होते की ती फ्लीटवूड गावची आहे हे फ्लीटवूडलासुद्धा सांगावं लागे. पण हे सगळं नंतरचं. बासष्ट साली ती मेविस हॅलिवेलच होती, आणि तिची एकच तबकडी निघाली होती. ती कोणी विकत घेतली नाही. गाणं होतं, ‘तुझा कोट माझ्याकडेच आहे’. प्रियकर कोट विसरून गेलाय, आता निदान तो न्यायला तरी ये, एवढाच मामला. उच्चार मात्र आपल्या गल्लीतले, जसेच्या तसे.

मेविसचे वडील हर्बर्ट हॅलिवेल ट्रामवर कंडक्टर होते. पोरगी लंडनला निघाली तेव्हा ते दारात आडवे उभे राहून म्हणाले होते, “आज गेलीस, तर या घरात पुन्हा तुझं नाव निघणार नाही.” पोरगी त्यांच्या बगलेखालून निघून गेली. हर्बर्ट शब्दाचा पक्का माणूस. चौदा महिने घरात नाव निघालं नाही. रेडिओवर तरुण पोरींचं गाणं लागलं की ते उठून रेडिओ बंद करत, आणि बायको हिल्डा खाली मान घालून वीणकाम करत बसे.

दुपारी दोनला त्यांची ट्राम शेवटच्या थांब्यावर वीस मिनिटं थांबायची. समोरच बर्था एकर्सलीचं कॅफे होतं आणि कॅफेत ज्यूकबॉक्स होता, नाणं टाकून हवं ते गाणं लावायचं यंत्र. हर्बर्ट आत येत, टोपी काढत, इकडेतिकडे बघत यंत्राजवळ जात आणि पाठ आडवी धरून एफ आणि सात ही बटणं दाबत. मग कोपऱ्यातल्या टेबलावर बसून कपाळाला आठ्या घालत.

“कोणी लावलं हे रडगाणं?”

“कोण जाणे,” बर्था चहा ओतत म्हणे. “भूत असेल.”

“आणि कोट कोणाचा म्हणे? सभ्य घरातल्या मुलीकडे परक्याचा कोट येतोच कसा?”

“गाणंय ते, हर्बर्ट.”

“तेच म्हणतो मी.”

दुसऱ्या कडव्याला मात्र त्यांचा कप ओठांपाशी तसाच राही. तिथे मेविस श्वास घेते, तो ऐकू येतो. लहानपणी जिना धावत चढून यायची, तेव्हा दारात उभी राहून अस्साच घ्यायची. चहा संपला की निघता निघता ते पुन्हा एकदा यंत्राजवळ जात, घड्याळ बघितल्यासारखं करत. घड्याळ दुसऱ्या भिंतीवर होतं.

दर दुसऱ्या बुधवारी यंत्रवाल्यांचा सिड यायचा. ज्यूकबॉक्सच्या पोटात प्रत्येक तबकडीसाठी एक छोटा काटा असतो. ती किती वेळा वाजली, ते तो दाखवतो. जी कमी वाजली ती काढायची, तिच्या जागी नवी घालायची, असा धंद्याचा नियम. त्या बुधवारी हर्बर्ट कॅफेत शिरले तेव्हा यंत्राचं झाकण उघडं होतं आणि सिड डोकं खाजवत होता.

“बर्थाबाई, तुमचं यंत्र बिघडलंय.”

“बरं वाजतंय की.”

“तीच तर रड आहे. एफ-सात पंधरवड्यात साठ वेळा वाजलंय. साठ! हे गाणं गायलेल्या मुलीच्या मावशीनेसुद्धा इतक्यांदा ऐकलं नसेल. काय होतंय, ठाऊक आहे? लोक दुसरं बटण दाबतात आणि हे बेटं अडकून एफ-सातच लावतं.”

“दाबून बघ ना.”

“बघितलं. माझ्यासमोर शहाण्यासारखं वागतंय.” सिडने तबकडी बाहेर काढली, फुंकर मारली. “काढून टाकतो. ना रहेगा बांस. एक झकास नवी आणलीय, पोरं नाचतील.”

हर्बर्ट उभेच होते. टोपी हातात. बाहेर ट्रामचा ड्रायव्हर पाइप ओढत होता, खिडकीपाशी दोन मासेवाल्या पायावर पाय टाकून चिप्स खात होत्या, आणि सिड तबकडी कागदी पाकिटात सरकवत होता.

“बिघडलेलं नाही ते,” हर्बर्ट म्हणाले.

“काय म्हणालात?”

“यंत्र. बिघडलेलं नाही. मी लावतो.”

मासेवाल्यांचं चावणं थांबलं. बर्थाने स्वच्छ असलेला कप पुसायला घेतला.

“तुम्ही?” सिड म्हणाला. “बरं, किती वेळा?”

“रोज दोनदा. रविवार सोडून.” हर्बर्टचे कान लाल झाले होते. “मुलगी आहे माझी. मेविस. मेविस हॅलिवेल.”

चौदा महिन्यांनी नाव निघालं ते एकदम दोनदा. खिडकीतली एक मासेवाली दुसरीला म्हणाली, “चला, बोलला एकदाचा.” म्हणजे फ्लीटवूडला ठाऊक नव्हतं असं काहीच नव्हतं.

सिड भला माणूस, पण आकड्याला पक्का. बोटांवर हिशेब करून म्हणाला, “चोवीस होतात. बाकीची छत्तीस?”

हर्बर्टना वाटलं, सुटलो असं म्हणावं तर हा पाठ सोडत नाही. “मला काय माहीत?”

“मला आहे,” बर्था म्हणाली. कप खाली ठेवला. “सकाळी दहाला एक बाई येते. तीही रविवार सोडून रोज तीनदा ऐकते. निळी टोपी, टोपीला एक पीस. जास्त बोलत नाही.”

त्या टोपीचं पीस हर्बर्टनीच गेल्या नाताळात चिकटवून दिलं होतं. सिडने तबकडी होती तिथे परत ठेवली आणि झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी हर्बर्टनी पाळी बदलून घेतली. दहा वाजून पाच मिनिटांनी ते कॅफेत आले तेव्हा गाणं चालू होतं आणि हिल्डा त्यांच्याच कोपऱ्यात, त्यांच्याच खुर्चीवर बसली होती. ते समोर बसले. तिने वर पाहिलं नाही. गाणं दुसऱ्या कडव्यावर आलं.

“इथे दम लागतो तिला,” हर्बर्ट म्हणाले.

“सर्दी झाली होती त्या दिवशी.”

“तुला कसं कळलं?”

“पत्रात लिहिलं होतं.”

“पत्र येतं?”

“बर्थाच्या पत्त्यावर. अकरा आली.”

हर्बर्टनी काउंटरकडे पाहिलं. बर्था नेमकी तेव्हाच आत काहीतरी आणायला गेली.

“माझं काही असतं त्यात?”

“दर वेळी विचारते, बाबा काय म्हणतात.”

“मग तू काय लिहितेस?”

“काही म्हणत नाहीत, असं.” हिल्डाने पर्समधून कागद-पेन काढून टेबलावर ठेवलं. “खोटं कशाला लिहायचं? आजचं लिहायला बसलेच आहे. काय लिहू?”

शेवटच्या थांब्यापर्यंतची सगळी नावं एका दमात घेणाऱ्या माणसाला एक वाक्य सुचेना. शेवटी त्यांनी कागद स्वतःकडे ओढला. ‘मेविस’ लिहिलं. गाणं संपलं. मग त्याखाली लिहिलं, ‘तुझी आई रोज सकाळी तुझं गाणं ऐकते. तीनदा.’

हिल्डाने उलट्या बाजूने वाचलं, पेन काढून घेतलं आणि खाली लिहिलं, ‘आणि बाबा दुपारी. दोनदा.’

“आकडा कशाला?” हर्बर्ट म्हणाले.

“तुझा कमी आहे म्हणून?”

हर्बर्ट उठले, यंत्राजवळ गेले आणि सगळ्यांच्या देखत, पाठ आडवी न धरता, बटणं दाबली.

“आता ‘तीनदा’ कर,” ते म्हणाले.