आपट्याची साल

"तो दरवाजा लोटी द्या ना," भिकुबाई गोधडीतून म्हणाली. "हाऊ वारा हाडस्मा घुसस."

वैशाखातली दुपार होती. नरडाणा स्टेशनचे रूळ असे तापले होते की त्यांच्याकडे बघवत नव्हतं. कुत्री रांजणाखालच्या ओल्या मातीत पोट टेकून पडली होती. जो वारा हाडांत घुसतो म्हणून भिकुबाई कुरकुरत होती, त्या वाऱ्यावर पापड भाजून निघाले असते. जीवरामने मुकाट्याने दार लोटलं. रेल्वेच्या त्या एवढ्याशा दोन खोल्या, त्यांची लगेच भट्टी झाली. त्याने सदरा काढला, बायकोच्या पायथ्याशी बसला आणि तिच्या तळव्यांना हात लावून बघितला. ते खरंच गार होते.

जीवराम स्टेशनवरचा पाणीवाला. गाडी आली की बादली आणि लोटा घेऊन डब्याडब्यापाशी धावायचं, खिडकीतून आलेल्या ओंजळीत धार धरायची आणि गाडी हलली की रिकामी बादली घेऊन परत यायचं. वीस वर्षं त्याने एवढंच केलं होतं. घर गुजराचं. नवराबायको दोघांच्या गळ्यात तुळशीची माळ, आणि घरात मांसमच्छी सोडाच, अंड्याचं नावसुद्धा निघायचं नाही. त्यामुळे त्याच्या हातचं पाणी भल्याभल्या सोवळ्यांना चालायचं. त्याला त्याचा थोडा गर्वही होता, पण तो त्याने कधी कोणाला त्रास होईल इतका बाहेर काढला नाही.

भिकुबाई मुळात वाऱ्यासारखी बाई. लेकीच्या लग्नात दोनशे माणसांचा स्वयंपाक तिने पुढे होऊन उरकला होता. गेल्या दोन वर्षांत मात्र ती हळूहळू थांबत चालली होती. चेहरा सुजल्यासारखा झाला, भुवया विरळ झाल्या, आवाज पुरुषासारखा घोगरा झाला. गळ्याशी थोडी गाठही दिसे. भाकरी थापता थापता परातीवरच तिचा डोळा लागायचा. आधी शेजारणी हसल्या, मग म्हणाल्या की बसून खाऊन बाई माजली. हे कानावर आलं की जीवरामला राग यायचा, पण राग काढायचा कसा हे त्याला कधीच जमलं नव्हतं. तो जाऊन दोन घागरी जास्त पाणी भरून यायचा.

औषधं काय, जितकी तोंडं तितकी. कोणी ओव्याची धुरी सांगितली, कोणी शंखभस्म. शेवटी रेल्वेचा पास काढून जीवराम दोंडाईच्याच्या पितांबर वैद्यांकडे गेला. वैद्य नाणावलेले आणि सरळ मनाचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, "गळ्याच्या गाठीला कांचनाची साल देतात. चाळीस दिवस काढा द्या, मग घेऊन या."

आता कांचन म्हणजे काय? जीवरामने आयुष्यभर कीर्तनं ऐकलेली. कांचन म्हणजे सोनं, हे त्याला पक्कं ठाऊक. आणि सोन्याचं झाड म्हणजे? दसऱ्याला अख्खा खानदेश ज्याची पानं सोनं म्हणून वाटतो, ते. विचारायला कशाला हवं? स्टेशनमागच्या नाल्यावर आपट्याचं झाड होतंच. जीवरामने कुऱ्हाडीने त्याची साल काढली, वाळवली, कुटली आणि रोज सकाळी उकळून काढा द्यायला सुरुवात केली. भिकुबाई तो नाक दाबून प्यायची.

चाळीस दिवस झाले, साठ झाले. आषाढात शिंदखेड्याहून लेकीचं पत्र आलं. जीवरामने स्टेशन मास्तरांकडून वाचून घेतलं आणि घरी येऊन मजकूर सांगितला. भिकुबाई ऐकत राहिली, मग फार कष्टाने आठवल्यासारखं करत तिने विचारलं, "आपली नातनं नाव काय शे हो? मना ध्यानमा नही ऱ्हायनं."

हे नाव तिनेच ठेवलं होतं. बारशाला पाळण्यावर वाकून तिनेच बाळाच्या कानात सांगितलं होतं. जीवराम ओसरीवर गेला आणि रडला.

दुसऱ्याच आठवड्यात तो तिला सर्व्हिस मोटरीने धुळ्याला घेऊन गेला. तिथले डॉक्टर मुंबईला शिकून आलेले, बोलणं कमी. त्यांनी तिचे डोळे पाहिले, नाडी पाहिली, गुडघ्यावर हलकेच ठोकून पाहिलं, आणि तिला बाहेर बसवून जीवरामला आत बोलावलं. माणसाच्या गळ्यात एक गाठ असते, तिच्या रसावर शरीराची ऊब चालते, तुमच्या बायकोची ती गाठ निकामी झाली आहे, असं त्यांनी सांगितलं. बाहेरून तो रस दिला तर बाई बरी होईल, नाही दिला तर एक दिवस झोपेल ती उठायची नाही. गोळ्या मुंबईहून मागवाव्या लागतील आणि जन्मभर घ्याव्या लागतील.

"कशाच्या असतात गोळ्या?" जीवरामने सहज विचारलं.

"मेंढीच्या गळ्यातली हीच गाठ वाळवून करतात."

जीवरामने गळ्यातल्या माळेला हात लावला आणि विचारलं की दुसरं काही, झाडपाल्यातलं, मुळीतलं, हेच काम करणारं नाही का. डॉक्टरांना त्याची अडचण कळली. ते म्हणाले, "झाडपाल्यात असतं तर मी स्वतः तोडून दिलं असतं. बाईंना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. पण लवकर ठरवा."

त्याने ठरवलं. मोटर नरडाण्याला पोहोचेपर्यंत ठरवून टाकलं. गोळ्या आल्या त्या दिवसापासून तो रोज एक गोळी पाट्यावर बारीक करी आणि आपट्याच्या काढ्यात ढवळून बायकोच्या हातात देई. ती पेला तोंडाला लावायची तेव्हा तो दुसरीकडे बघायचा.

तिसऱ्या आठवड्यात भिकुबाईने गोधडीची घडी घातली. दसऱ्याच्या सुमारास भाकरी थापताना तिच्या कपाळावर घाम आला. तिने तो बोटाने पुसला, बोट नवऱ्याला दाखवलं आणि दोघंही हसायला लागले. आवाज निवळला, भुवया भरल्या. दिवाळीला लेक आली तर नातीला कडेवर घेऊन भिकुबाई फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मिरवून आली. जीवरामला वाटलं, आपण केलं ते बरोबर केलं. चोरी पचली की चोरालाही तसंच वाटत असणार.

पण भिकुबाईचं कृतज्ञ मन गप्प बसेना. ती रोज अंघोळ करून नाल्यावर जायची आणि आपट्याला हळदकुंकू लावायची. बोलबाला झाला. कोणाचं डोकं दुखो की पोट, बाया साल मागायला यायच्या आणि ही पदरात बांधून द्यायची. कीर्ती दोंडाईच्यापर्यंत गेली आणि एक दिवस पितांबर वैद्य आपल्या औषधाचा प्रताप बघायला गाडीतून उतरले. भिकुबाईने त्यांच्या पाया पडून त्यांना झाड दाखवलं. वैद्यांनी एक पान तोडून उलटंसुलटं केलं. बाईसमोर ते काही बोलले नाहीत. फलाटावर आल्यावर त्यांनी जीवरामच्या खांद्यावर हात ठेवला.

"अहो, हा आपटा. मी कांचन सांगितला होता. दोन्ही भाऊभाऊ दिसतात खरे, पण झाड निराळं. माझ्या सालीनेसुद्धा या बाईला इतका गुण आला असता असं मी छातीवर हात ठेवून म्हणणार नाही. याने तर नाहीच. मग गुण कशाने आला? ताकाला जाऊन भांडं लपवू नका."

जीवरामने सगळं सांगून टाकलं. गाडी आली तेव्हा वैद्य एवढंच म्हणाले, "एकीच्या भल्यासाठी खोटं बोललात. ती साल आता गावाला वाटू देऊ नका."

तो मान हलवून राहिला आणि त्याने काहीच केलं नाही. साल कोणाला मारत तर नव्हती.

माघात एक बैलगाडी स्टेशनसमोर सुटली. सातपुड्याच्या पायथ्याचा वेस्ता दोन दिवस गाडी हाकत आला होता. गाडीत गवतावर, दोन घोंगड्यांखाली त्याची बायको सोनीबाई पडली होती. तिशीची असेल. चेहरा सुजलेला, भुवया नाहीत, आवाज घोगरा. भिकुबाईने तिला बघितलं आणि तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. आपणच आपल्याला दिसावं तसं झालं. तिने सोनीबाईचे गार पाय आपल्या मांडीवर घेऊन चोळले, तिला चहा पाजला आणि डबाभर साल आणून वेस्त्याच्या हातात दिली. म्हणाली, मी अशीच होते, दोन महिन्यांत ही चालत येईल, माझा शब्द आहे.

जीवराम बादली घेऊन दारात उभा होता. सोनीबाईला मेंढी वर्ज्य नव्हती. तिला सालीची नव्हे, गोळीची गरज होती, आणि तिच्या नवऱ्याच्या हातात भिकुबाईचा शब्द होता. दुपारची गाडी सिग्नलला आली होती. वीस वर्षांत पहिल्यांदा स्टेशनवर असून जीवराम गाडीवर गेला नाही. त्याने वेस्त्याला थांबायला सांगितलं, बायकोला आत घेतलं, आणि डॉक्टरपासून पाट्यापर्यंत सगळं सांगितलं.

भिकुबाई खाली बसली. तिने विचारलं, "कितला महिना व्हयनात?"

"सात."

"मी रोज त्या झाडले हळदकुंकू लावं, अन् तुम्ही दखत ऱ्हायनात?"

"तुले सांगतू ते तू गोयी खाती नही. अन् मी तुले मरू देतू नही."

"नही म्हनाना हक मना व्हता," ती म्हणाली. "तो बी तुम्हीच हिसकी लिधा."

बाहेर गाडी शिट्टी देऊन निघून गेली. भिकुबाईने विचारलं की आजपासून गोळी बंद केली तर. दोन-तीन महिन्यांत पुन्हा तशीच होशील, तो म्हणाला. ती उठली, तोंडावर पाणी मारून बाहेर गेली आणि वेस्त्याच्या हातातला डबा तिने परत घेतला.

"साल नको, भाऊ. मनाकडथाईन चूक व्हयनी. माले मेंढीनी गोयीनं गुन उना. हिले धुयाले लई जा."

हे ती हळू बोलली नाही. ओसरीवर सालीसाठी आलेल्या दोघी शेजारणी होत्या, त्यांनी ऐकलं. जीवरामने डॉक्टरांचा पत्ता मास्तरांकडून कागदावर लिहून घेतला आणि बैलगाडी धुळ्याच्या रस्त्याला लागेपर्यंत सोबत चालत गेला. परत आला तेव्हा भिकुबाईने गळ्यातली माळ काढून नाल्यात सोडली होती.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. गुजराच्या चार घरांनी तिला हळदीकुंकवाला बोलावणं बंद केलं. लेकीच्या सासूने निरोप धाडला की इकडे येऊ नका. भिकुबाईने कोणाशी वाद घातला नाही. तीन दिवस ती नवऱ्याशीही बोलली नाही आणि तीन दिवस तिने गोळी घेतली नाही. जीवरामने आग्रह केला नाही. त्याने गोळ्यांची बाटली चुलीशेजारच्या फळीवर, तिला दिसेल अशी ठेवून दिली होती. त्या तीन दिवसांत तो म्हातारा झाला.

चौथ्या दिवशी सकाळी तिने बाटली उघडली, एक गोळी तळहातावर घेऊन बराच वेळ पाहिली आणि तोंडात टाकून वर पाणी प्यायली. मग म्हणाली, "पाप मनं शे. तुमना नावे टाकू नका." तो काही बोलणार होता, पण तिने चुलीत फुंकर घातली आणि धुरामुळे दोघांनाही बोलता आलं नाही.

त्या दिवशी एकादशी सुटलेली. तिने पुरणपोळी केली, वरणभात केला, ताट वाढलं आणि देव्हाऱ्याच्या खोलीच्या उंबऱ्याशी येऊन थांबली. पूर्वी नैवेद्य ठेवायचं काम तिचंच. तिने ताट नवऱ्यापुढे धरलं.

"तूच ठेव," जीवराम म्हणाला. "देव काही परका नही."

तिने मान हलवली. त्याने ताट घेतलं, आत जाऊन देवापुढे ठेवलं आणि पाण्याचा हात फिरवला. ती उंबऱ्याबाहेर ओल्या हातांनी पदर सावरत उभी होती.

"आयकतस का," ती तिथूनच हळूच म्हणाली, "मी काही चाखेल नही. वरनमा मीठ कमी-जास्त व्हयेल व्हई, तेवढं देवले सांगी द्या."