रायनोज हरले की धोंडी जेवत नसे

रायगड जिल्ह्यात गेंडा कुणी पाहिलेला नाही. बिबट्या दिसतो, रानडुक्कर तर रोजचंच झालंय, भातात घुसून नासाडी करतं. पण गेंडा नाही. तरीही मुंबईच्या कुणा मालकाने लीगमधली कबड्डीची टीम विकत घेतली, तेव्हा तिचं नाव ठेवलं रायगड रायनोज. इंदूबाईच्या मते तिथंच घोडं पेंड खायला लागलं. जे जनावर या मातीत जगत नाही, त्याच्या नावाची टीम इथं कशी जगणार, असं ती पहिल्या वर्षापासून म्हणत आली होती.

आता सहावं वर्ष होतं, आणि तिचं म्हणणं खरं होत चाललं होतं. या मोसमात रायनोज नऊ सामने खेळले आणि नऊच्या नऊ हरले. कधी वीस गुणांनी हरले, कधी हातातला सामना शेवटच्या मिनिटाला घालवून हरले. दुसरा प्रकार इंदूबाईला जास्त झोंबायचा. वीस गुणांनी हरणाऱ्याला निदान लाज तरी वाटते, पण शेवटच्या मिनिटाला हरणारा "थोडक्यात गेलं" म्हणत फिरतो, असं तिचं मत. सामना सुरू झाला की कळंबच्या तिच्या आळीत तिचा आवाज चार घरं ऐकू जायचा. शेजारपाजारच्या बाया घरचा टीव्ही बंद करून तिच्या ओटीवर येऊन बसत. त्यांना कबड्डीतलं फारसं कळत नसे. त्या इंदूबाई बघायला येत.

लोकांना ती गंमत वाटे, आणि तिनेही ती तशीच वाटू दिली होती. खरं दुखणं आतल्या खोलीत, दारातून टीव्ही दिसेल अशा कॉटवर पडलेलं होतं.

तिचा नवरा धोंडी हा एके काळचा कबड्डीपटू. डावा कोपरा सांभाळायचा. त्याने घोटा धरला की समोरचा बैल असला तरी बसायचा, असं जुनी माणसं अजून सांगतात. दोन वर्षांपूर्वी त्याला लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. उरला डावा हात, उरले डोळे, आणि उरली ही टीम. पहिल्या मोसमात रायनोजने कर्जतच्या मैदानावर जुन्या खेळाडूंचा सत्कार केला होता. धोंडीला शाल आणि नारळ मिळाला होता. नारळ कधीच खाऊन संपला, पण त्या दिवसापासून ती टीम त्याची झाली ती झालीच.

रायनोज हरले की धोंडी भिंतीकडे तोंड करायचा आणि जेवायचा नाही. कुणी काही केलं तरी तोंड उघडत नसे. पोटात अन्न नाही म्हणजे साखरेच्या आजाराची गोळी देता येत नाही, आणि गोळी चुकवू नका, जेवण त्याहून चुकवू नका, असं कर्जतच्या डॉक्टरने दोनदा बजावलं होतं. पाचव्या पराभवानंतर सकाळी त्याने डोळे फिरवले होते. इंदूबाई आणि तिची सून संजना दोघींच्या तोंडचं पाणी पळालं. तेव्हा एक सामना त्यांनी दाखवलाच नाही, टीव्हीचा रिचार्ज संपलाय म्हणून सांगितलं. धोंडी त्या दिवशीही जेवला नाही. पुढच्या वेळी सामना दाखवला नाही, पण जिंकले म्हणून सांगितलं. त्याने बायकोच्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि भिंतीकडे वळला. पस्तीस वर्षं संसार केलेल्या माणसाला असलं खोटं खपत नाही. मग त्यांनी सामने पुन्हा दाखवायला सुरुवात केली.

इंदूबाई गावाबाहेरच्या नदीकाठच्या रिसॉर्टवर स्वयंपाकाला होती. शनिवार-रविवारी शंभर-शंभर माणसांच्या भाकऱ्या तिच्या हातून उतरत. एका सोमवारी मॅनेजर संतोष भटारखान्यात आला आणि म्हणाला की, आजपासून चार दिवस मोठं बुकिंग आहे. रायनोजची टीम उतरणार, शनिवारच्या पुण्याच्या सामन्याआधी त्यांना मोकळी हवा पाहिजे म्हणे. इंदूबाईने हातातलं पीठ परातीत टाकलं. मोकळी हवा कशाला पाहिजे, गेले दोन महिने मैदानात हवाच तर खातायत, असं ती बोलली. संतोषने हात जोडले. तुझं तोंड मला माहीत आहे, मावशी, पण हे गिऱ्हाईक आहे, एवढे चार दिवस सांभाळ.

तिने शब्द दिला नाही. उलट मनात सगळं मांडून ठेवलं, कुणाला काय बोलायचं ते. सगळ्यात जास्त कप्तानाला. मालोजी घोलप, सांगलीकडचा, तेहतीस वर्षांचा, नावाजलेला चढाईपटू. चार वर्षांपूर्वी तो चढाईला निघाला की धोंडी मांडी थोपटायचा. हल्ली तो मधली रेष ओलांडायच्या आधीच मागे बघायचा, परत कसं यायचं ते.

पण अडचण अशी झाली की टीम तिला दिसायची ती जेवतानाच. आणि पानावर बसलेल्या माणसाला वाकडं बोलायचं नाही, ही तिच्या आईची शिकवण. दारात भांडायला आलेला भाऊबंद जरी ताटावर बसला, तरी त्याचा हात धुऊन होईपर्यंत तोंड बंद. हात धुतले की हवं तर काठी काढा. ती बिचारी दोन दिवस त्यांचे हात धुऊन व्हायची वाट बघत राहिली, तर पोरं जेवून उठली की तडक बसमध्ये बसून सरावाला. टीमच्या डॉक्टरने कागद दिला होता, उकडलेली कोंबडी आणि अंड्याचा पांढरा भाग. तो कागद तिने चुलीमागे खोचला आणि वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी, गावठी कोंबडीचा रस्सा वाढला. पोरं भाकऱ्या मोजायचं विसरली. खातायत तर झोकात, असं खेळा की मेल्यांनो, असं ती मनातल्या मनात म्हणत राहिली.

एकट्या कप्तानाचं ताट परत यायचं. पहिल्या दिवशी आलं, तिला वाटलं प्रवासाने पोट बिघडलं असेल. दुसऱ्या दिवशी भाकरीचा तुकडा मोडून ठेवलेला, रस्सा तसाच. वाढपी म्हणाला, साहेबांना तिखट लागलं असेल. तिसऱ्या दिवशी तिने त्याच्यापुरता बिनतिखटाचा रस्सा केला, मऊ भात केला, वर घरचं तूप. ते ताटही परत आलं. तेव्हा मात्र इंदूबाईच्या डोक्यात तिडीक गेली. मैदानात हरतो ते हरतो, वर माझ्या अन्नाला नावं ठेवतो. रांधणाऱ्या बाईचं ताट जसंच्या तसं परत पाठवणं म्हणजे तिच्या तोंडावर दार लावणंच की. आणि ताटाला हात न लावता उठलेला माणूस पानावर बसलेला धरायचा नसतो. म्हणजे बोलायला ती मोकळी होती.

मालोजी नळावर उभा होता. इंदूबाई ताट घेऊन तशीच समोर गेली.

"नऊ मॅची हरलास, मी काय बोलले नाय," ती म्हणाली. "पण भाकरीत काय खोट काढलीस, ती आधी सांग."

तो गोंधळला. काही नाही मावशी, भूक नव्हती, असं काहीतरी पुटपुटला. पण एव्हाना बांध फुटला होता. दोन दिवस साठवलेलं सगळं तिने त्याच्या अंगावर रिकामं केलं. बोनसची रेष समोर असून आयत्या गुणासाठी पाय का टाकत नाहीस, शेवटच्या मिनिटाला कच्च्या पोराला चढाईला पाठवून स्वतः कोपऱ्यात का उभा राहतोस, हात लावायच्या आधी मागं कशाला बघतोस. वाढपी दारात थिजून उभे राहिले. संतोष धावत आला आणि तिचा चेहरा बघून लांबच थांबला.

"तुमचं हरून झालं की तुमी बसमंदी बसता," ती शेवटी म्हणाली. "माज्या घरात आमचं माणूस भिंतीकडं तोंड करून पडतं. जेवत नाय, गोळी घेत नाय. एकदा तर डोळेच फिरवले. तू हरलास की त्यो उपाशी ऱ्हातो, कळलं का रं?"

मालोजीने नळ बंद केला. ओले हात जर्सीला पुसले.

"हरलो की घास उतरत नाही, मावशी," तो म्हणाला. "आज पाच आठवडे झाले. पोरं माझ्याकडं बघून जेवतात, म्हणून नुसता ताट घेऊन बसतो. तुमच्या भाकरीला नावं ठेवली तर जीभ झडंल माझी."

इंदूबाईचा राग तिथल्या तिथे बसला. तिने आता कुठे त्याच्याकडे नीट बघितलं. टीव्हीवर धिप्पाड दिसणारा तो माणूस, जर्सी खांद्यावरून ओघळत होती, गालाची हाडं वर आलेली. एक उपाशी घरात, एक उपाशी इथं, आणि मधे ती दोघांनाही शिव्या घालत भाकऱ्या थापत होती. तिला स्वतःची लाज वाटली. लाज वाटली की ती आणखी कडक बोलायची.

"चल माज्या घरी," ती म्हणाली. "एका उपाशाम्होरं मी हरले. दोघांना समोरासमोर बसवून बघते."

संतोष नको नको म्हणत असताना ती कप्तानाला टमटममध्ये घालून घेऊन गेली. आळीतल्या बाया ओटीवर जमल्या, तशी तिने दार लावून घेतलं. संजनाने लगबगीने चटई टाकली.

धोंडीने मालोजीला ओळखलं. डोळे मोठे झाले, डावा हात गोधडीवरून थोडा उचलला गेला. मग सगळं आठवल्यासारखं त्याने हळूहळू तोंड भिंतीकडे वळवलं. इंदूबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी आणलेल्या पाहुण्याकडे पाठ.

मालोजी मात्र उठला नाही. कॉटजवळ खालीच बसला आणि त्या पाठीशी बोलू लागला.

"काका, मागच्या मॅचची शेवटची चढाई माझी होती. मीच गेलो नाही. भ्यालो."

मग धोंडीने मान फिरवली. डाव्या हाताची दोन बोटं वर केली. दोन गुणांनी गेली होती ती मॅच. मालोजीने मान हलवली, हो, दोनच. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच कुणीतरी धोंडीशी सामन्याबद्दल खरं बोललं होतं. बाकी सगळे त्याची समजूत घालत होते.

इंदूबाईने दोन ताटं वाढली. आता नवा पेच. पाहुण्याआधी घरधनी घास घेईना, वडीलधाऱ्याआधी पाहुणा घेईना. हा त्याला खुणावतो, तो याला. भाकरीची वाफ निघून गेली. आता मी दोघांच्याबी नरड्यात बोटांनी कोंबीन, असं इंदूबाई बोलली, आणि ती खरंच उठायच्या बेतात होती. तेवढ्यात धोंडीने डाव्या हाताने भाकरीचा तुकडा मोडला, रश्शात बुडवला. निम्मा रस्सा गोधडीवर सांडला. तो घास त्याने स्वतःच्या तोंडाकडे नेला नाही. मालोजीपुढे धरला.

एवढा मोठा कप्तान, पण तो घास घेताना त्याचा चेहरा पार विस्कटला. मग दोघं जेवले. दोन-दोन भाकऱ्या. इंदूबाईने पुढचं काही बघितलं नाही, ती परसात जाऊन उगाचच भांडी घासत बसली. जाताना मालोजीने संजनाच्या मोबाइलमध्ये आपला नंबर टाकून दिला.

शनिवारी संध्याकाळी इंदूबाईने रिसॉर्टवरून सुट्टी घेतली, आणि सगळी आळी तिच्या ओटीवर होती. मालोजी वाघासारखा खेळला, एकट्याने चौदा गुण आणले. बोनसच्या रेषेवर पाय टाकला, शेवटच्या चढाईला स्वतः गेला, एकदाही मागे बघितलं नाही. आणि परत येताना मधली रेष वीतभर लांब असताना त्याचा घोटा पकडला गेला. रायनोज एका गुणाने हरले. सलग दहावा पराभव. इंदूबाईने त्या दिवशी एकही शिवी दिली नाही, त्यामुळे बाया घाबरून लवकर घरी गेल्या.

तिने धोंडीचं ताट वाढून आणलं. त्याने ते हाताने बाजूला सरकवलं. म्हणजे परवाचं सगळं पाण्यात गेलं, पुन्हा तेच, पुन्हा उपास, पुन्हा सकाळी डोळे फिरवणं. तिने त्याच्याकडे रागाने बघितलं. पण त्याचं तोंड भिंतीकडे नव्हतं. तो संजनाच्या हातातल्या मोबाइलकडे बोट करत होता, आणि मग त्याच हाताने तोंडाकडे खूण करत होता, जेवणाची.

संजनाला आधी कळलं. तिने फोन लावला, स्पीकर सुरू केला. पलीकडे बसचा आवाज येत होता.

"मालोजी," इंदूबाई म्हणाली, "जेवलास का रं?"

नाही, तो म्हणाला. डबा दिलाय, पण नको वाटतंय.

"उघड त्यो," ती म्हणाली. "आमचं माणूस थांबलंय तुज्यासाटी."

धोंडीने मान फोनकडे कलती केली. पलीकडे डब्याचं झाकण निघाल्याचा आवाज झाला. तो ऐकून त्याने ताट पुढे ओढलं आणि डाव्या हाताने भाकरी मोडली.