सासूबाईंच्या कवळीच्या तारा

धाकट्या जावयाला सासूबाईंच्या कवळीच्या कामातून मिळवायचं होतं ते एवढंच, की सासूबाईंनी चारचौघांत एकदा तरी त्याला 'जावईबापू' म्हणावं. ही पदवी आजवर थोरल्याकडे होती. थोरला दातांचा डॉक्टर, आणि धाकटा त्याच्याच साच्यांवरून दात नि कवळ्या बनवणारा तंत्रज्ञ. सासूबाईंच्या भाषेत 'आमचा प्लॅस्टरवाला'. कवळी नीट बसली तर डॉक्टरचा हात चांगला, टोचली तर प्लॅस्टरवाल्याची चूक.

सासूबाईंची कवळी छोटीशीच. गुलाबी प्लॅस्टिकची पट्टी, समोरचे दोन दात, आणि शेजारच्या खऱ्या दातांना धरून ठेवणाऱ्या दोन तारा. हसलं की तारा चमकत. सगळ्या कुटुंबाचा फोटो काढायचं ठरलं, तशा सासूबाई धाकट्याच्या लॅबमध्ये हजर.

"एवढ्या तारा काढून दे बाबा. थोरला म्हणतो, त्याशिवाय धरणार नाही."

"बरोबरच आहे त्यांचं, आई."

"म्हणजे तुलाही जमत नाही तर."

मात्रा बरोबर लागू पडली. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय कुठल्याच कवळीला हात लावायचा नाही, ही पाटी त्यानेच भिंतीवर लावलेली. तिच्याखाली बसून त्याने तारा कापल्या, कडा घासून गुळगुळीत केल्या. "फोटोपुरतीच घाला हं. आणि झोपताना काढायचीच."

फोटो झाला. "जावईबापूंच्या हातात जादू आहे!" सासूबाई म्हणाल्या. थोरल्याला वाटलं, आपल्यालाच. त्याने मान लववून कौतुक घेतलंसुद्धा.

फोटोचं काम संपलं तरी कवळी तशीच तोंडात राहिली. एका दुपारी बायकोचा फोन आला. "अहो, आई झोपेतून उठली ती गळा धरूनच! गिळताना टोचतंय म्हणते. आणि तोंडात कवळी नाहीये."

तो इस्पितळात पोचला तेव्हा डॉक्टरीणबाई एक्स-रे उजेडाला धरून बघत होत्या. "काही दिसत नाही. कवळीत धातू होता?"

"दोन तारा. मीच बसवून घेतल्या होत्या," थोरला म्हणाला.

"मग आत असती तर तारा दिसल्याच असत्या. खोकताना ओरखडा गेला असेल घशाला. कवळी अंथरुणातच सापडेल. काहीतरी मऊ खायला घालून बघा."

प्लॅस्टिक एक्स-रेत दिसत नाही, हे तिथल्या बहुतेकांना ठाऊक होतं. त्या कवळीत आता प्लॅस्टिकच उरलंय, हे फक्त सासूबाईंना आणि धाकट्याला. बोललं, तर थोरला एकही काम देणार नाही. आणि लॅब चालत होती ती थोरल्याच्याच कामांवर. न बोललं तर?

"तारा होत्या ना, आजी?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

सासूबाईंनी गळ्यावरचा हात न काढता आधी थोरल्याकडे पाहिलं, मग धाकट्याकडे. आणि होकारार्थी मान हलवली.

सुटलो, असं त्याला वाटलं. त्या वाटण्याचीच त्याला मग भीती वाटली. बायको साय घालून घोटलेल्या मऊ भाताचा घास चमच्यात घेऊन वाकली होती. "आ कर गं आई." चमचा ओठांशी आला. पट्टीची ती घासलेली कड त्याला बोटांच्या टोकांना जाणवत होती. हा घास तिच्यावर पडला, की ती खाली सरकणार. कुठवर, कशाला फाडत?

त्याने बायकोचं मनगट धरलं. घास जमिनीवर सांडला.

"अहो, काय करताय!"

"तारा नाहीत त्यात. मी कापल्या."

"चिठ्ठी कोणाची होती?" थोरल्याने एवढंच विचारलं.

दुर्बीण घालून कवळी निघाली. अन्ननलिकेला चीर गेली होती; नाकातून नळी घातली, आवाज बसला.

थोरल्याचं काहीच गेलं नाही, त्याच्या तारा बरोबरच होत्या. त्याचे साचे आता दुसऱ्या लॅबमध्ये जातात. धाकटा भिंतीवरच्या पाटीकडे पाठ करून बसतो, आणि हातातून जाणाऱ्या प्रत्येक कवळीची तार पुन्हा पुन्हा ओढून बघतो.

नळी निघाल्यावर सगळे जमले होते. सासूबाईंनी थोरल्याला ओलांडून धाकट्याकडे पाहिलं आणि फाटक्या, घोगऱ्या आवाजात हाक मारली, "जावईबापू."

त्याला हवं होतं ते मिळालं. त्याची किंमत मात्र भरली सासूबाईंच्या घशाने.