भिंतीवरची सोबत

रघुवीर सरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि ‘सो’च्या मात्रेवरून बोट फिरवलं. रंग वाळला होता. महाडहून निघाल्यापासून पाहिलेल्या सात भिंतींत कापडे गावातली ही सगळ्यांत नेटकी. पिवळ्यावर काळा एकच शब्द, ‘सोबत’. खाली पक्षाचं चिन्ह.

दोन महिन्यांपूर्वी तालुकाध्यक्ष विनीत, त्यांचाच जुना विद्यार्थी, पक्षाच्या मूल्यांचं चार पानी टिपण घेऊन घरी आला होता.

“सर, गाडीवरून जाणारा माणूस दोन सेकंद बघतो. तेवढ्यात पक्ष कळला पाहिजे.”

न्याय, विकास, अस्मिता, पारदर्शकता... सरांनी लाल पेन्सिलीने सगळं खोडलं आणि समासात हा शब्द लिहिला. बैठकीत टाळ्या पडल्या होत्या.

“गुरुजी, तुमी पक्षाचं ना?”

घरमालकीण चंद्राबाई गोठ्याकडून येत होती.

“हो. भिंत दिलीत, उपकार झाले.”

“तीन निवडनुका समदी मागत व्हती. आमच्या मालकांनी कुनाला हात लावू दिला नाय. पन तुमच्या रंगाऱ्यानं वाचून दावलं, तवा मीच म्हटलं, लिव बाबा. मोठ्ठं लिव.”

“आवडला शब्द?”

“आवडायचा काय त्यात? गरजेचा हाय. मालक गेले त्याला दीड म्हैना झाला. तेराव्यापतूर शेजारची सलोनी यायची सोबतीला झोपाया. पुढं तिलापन तिचं घर हाय. सुनील म्हनतो, आये, मुंबैला ये. मंग गाय कुनाच्या गल्यात बांदू?” तिने ओले हात पदराला पुसले. “कदी पाठवताव मानूस? बाई असंल तर बरं. अंथरून काढून ठेवलंय.”

सर हसले. मग ती हसत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. उघड्या दारातून भिंतीशी ठेवलेली धुतलेली गोधडी दिसत होती. वर उशी.

शब्दाचा अर्थ संदर्भाने ठरतो, हे त्यांनी छत्तीस वर्षं फळ्यावर लिहिलं होतं.

“चंद्राबाई, हे सगळ्यांसाठी आहे. म्हणजे, पक्ष लोकांच्या सोबत आहे, अशा अर्थाने.”

“व्हय की. मी कुटं येकटीच मागत्ये? वाडीत आमी चार जनी हाव अशा. पालीपालीनं चालंल.”

सरांनी रुमाल काढला, मान पुसली.

“कुनी लिवलं ह्ये?” तिने विचारलं.

“असतात पक्षात लिहिणारे.”

“येकट्या मानसाची जान हाय त्याला. देव भलं करो त्याचं.”

मोबाइल वाजला. विनीत होता. मुंबई कार्यालयाला भिंतीचा फोटो तातडीने हवा होता. सरांनी मोबाइल उभा धरला, तशी चंद्राबाई शब्दाखाली जोत्यावर येऊन बसली आणि डोक्यावरचा पदर सारखा केला.

“काडा. म्हंजे येनारीला घर सापडंल.”

त्यांनी फोटो काढून पाठवला. उत्तर लगेच आलं: ‘झकास सर! फक्त बाई नको. शब्द मोकळा हवा.’

सरांनी ते दोनदा वाचलं. गाडीपर्यंत वीस पावलं होती. ते जागचे हलले नाहीत.

“चंद्राबाई,” मोबाइल पुन्हा उभा धरत ते म्हणाले, “जरा बाजूला होता का?”

“आगो बाय, मी आड आले व्हय?” म्हणत ती लगबगीने उठली, आणि जाता जाता ‘त’च्या दांडीवरची धूळ पदराने पुसून गेली.