रांजणावरचं नाव

मुबीननं ओंजळ पुढं केली आणि मी तांब्या मागं ओढला.

"काय आत्या, रुसलाव काय?"

"तळवं दाव आदी."

तळव्यांवर जोंधळ्याएवढ्या कडक गाठी. गळ्याखाली काळे डाग. 'टेम्पो हाकून हाकून झालंय' म्हणायचा, आणि मी म्हणायची, 'तेल चोळ, मुडद्या.' मागल्या महिन्यात सोलापुरात डॉक्टरीणबाईंनी पहिलं हेच विचारलं, पाणी कुठलं पितोस? त्यानं माझं नाव सांगितलं. म्हणून आज कंपनीचे साहेब माझ्या बोअरच्या पाण्याचा निकाल घेऊन दारात उभे होते.

पाण्यात सोमल निघाला. आमच्याकडं उंदराला घालायचा झाला तरी नंतर हात घासून धुतात, तो सोमल.

मालक गेले त्या उन्हाळ्यात मी रस्त्याकडेला रांजण मांडला, कट्ट्यावर त्यांचं नाव रंगवून घेतलं. जात विचारली नाही, गाव विचारलं नाही. ज्याला त्याला माझ्या हातानं पाजलं.

"आजी, हे शेजारच्या कचऱ्याच्या खड्ड्यातून झिरपलंय," साहेब म्हणाले. "कंपनी आपल्या पाण्यातला सोमल गाळणीतल्या लाल दाण्यांनी धरून काढते. दाणे निकामी झाले की त्या कचऱ्यात जातात."

"म्हंजी तुमच्या पाण्यातलं इख काडून माज्या पाण्यात घातलं की!"

"तसं नाही. तपासणीत दाण्यांतून काही सुटलं नव्हतं. कुजक्या कचऱ्याखाली सुटेल, असं कुणाला…"

"तुमच्या तपासणीच्या बाटलीत सुटलं नसंल. माज्या बोअरात सुटलंय."

मुबीन मान खाली घालून बोलला, "आत्या, त्या लाल दाण्यांची पोती खड्ड्यात मीच टाकत हुतो. ठेकेदार म्हणायचा, माती हाय."

एक ठेवून द्यावी वाटली. पोती रिकामी करायची आणि जाताना माझ्याच दारात पाणी प्यायचं! पण ते विष त्याच्याच हातांवर उगवलं होतं. मारायचं कुणाला?

एवढ्यात साहेबांनी पाटी काढली, 'पाणी पिण्यास अयोग्य' वाचून दाखवली, आणि कट्ट्यावर नेमकी मालकांच्या नावाखाली धरली.

"हात काडा तितनं! लोकं काय वाचत्याल? जोतीराम, पिण्यास अयोग्य?"

तोंडातून गेलं आणि मीच दचकले. लग्नातला उखाणा सोडला तर जन्मात मालकांचं नाव घेतलं नव्हतं. घेतलं तेही ह्या मेल्यांच्या विषासोबत.

घरातून विळा आणला आणि कट्ट्यापाशी बसले.

"आत्या, द्या हिकडं, मी खरवडतो."

"तू लांब ऱ्हा."

मला वाचता येतं ते हे एवढं एकच नाव. तोंडानं घ्यायचं नाही म्हणून डोळ्यांनी शिकले होते. ते अक्षर अक्षर खरवडून काढलं. मग रांजण कलंडवला, पाणी सांडू दिलं आणि तो पालथा घातला.

"पाटी कशाला? पालत्या रांजणातलं कोण पितंय? हितं तुमच्या कंपनीचं नाव लिवा. पाणी आता तिचं."

"ते माझ्या हातात नाही, आजी. वर विचारून सांगतो."

"इचारा की. जागा राकून ठेवते."

विचारून अजून कुणी आलेलं नाही. कट्ट्यावरचा खरवडलेला पट्टा उन्हात पांढरा दिसतो. पोरांनी त्यावर कोळशानं काही लिहिलं तर मी पुसून टाकते. मुबीननं पोती टाकायचं सोडलं, तरी टेम्पो ह्याच रस्त्यानं जातो. माझ्या दाराशी तो वेग कमी करतो. मी उंबऱ्यात बसलेली असते. तो त्या पट्ट्याकडं बघतो, मीही बघते, आणि तो तहानलेलाच पुढं जातो.