बुजवलेल्या झरोक्याची फिर्याद

मी एक जुना झरोका आहे, आणि आधीच सांगतो, कुणाच्या हातात गोणपाट दिसलं की मला संशय येतो. मित्रांनो, तो का येतो ते ऐका.

नागपूरला लागून असलेल्या बेसा गावात मधुकररावांचं कवेलूचं, म्हणजे कौलारू, घर आहे. माळ्याच्या भिंतीत, अगदी आढ्याखाली, मला सागाच्या पट्ट्यांनी घडवलं. माझा धाकटा भाऊ खाली वळचणीला बसवला. त्याने ताजी हवा आत घ्यायची, मी तापलेली, दमट हवा बाहेर सोडायची. तीस वर्षं हे काम आम्ही बिनबोभाट केलं. कौतुक मात्र सगळं कवेलूंचं!

यंदा मे महिन्यात कूलर निघाला, त्याच्या गवताच्या ताट्या बदलल्या. "वरून झळा येऊन राहिल्या," असं म्हणत मधुकररावांनी एक जुनी ताटी गोणपाटात गुंडाळली आणि माझ्या तोंडात कोंबली. अहो, गरम हवा माझ्यातून बाहेर जात होती! पण झरोक्याचं कोण ऐकतं? पावसाळा लागला, आणि ते साफ विसरले.

मग भाताची वाफ, घरात वाळत घातलेल्या कपड्यांची ओल, सगळं माळ्यावर कोंडलं. थंड कवेलूंना लागून त्याचे थेंब झाले. श्रावणात वाशांवर आणि गोधड्यांवर बुरशीचे काळे डाग पडले.

मधुकररावांच्या पत्नी जिजाबाईंनी ते पाहिलं आणि थेट सुनेला गाठलं.

"मिनल, गोधड्या ओल्याच टाकल्या ना वं वर? खरं सांग."

"नाही जी आई. उन्हाळ्यातच कडक वाळवून ठेवल्या मी."

त्यांना पटलं नाही. त्या दिवसापासून मिनलने घडी घातलेला प्रत्येक कपडा त्या चाचपून पाहू लागल्या. मिनल माळ्याच्या शिडीवर बसून रडली. मला सगळं ठाऊक होतं आणि तोंडात बोळा होता. इतकी चीड मला आयुष्यात आली नव्हती.

शेवटी छप्पर गळतंय की काय ते बघायला नत्थू मिस्त्री आला.

"काका, कवेलू तर एकबी फुटला नाही. पण हा झरोका काहून बुजवला जी? घरातली वाफ जाणार कुठून?"

मधुकरराव ओशाळले. "मीच बुजवला होता गा."

नत्थूने ताटी ओढली. ती काळी पडून कुजली होती. पाखरं आत शिरू नयेत म्हणून त्याने मला जाळी लावली आणि वासे पुसून काढले.

"चुकलं वं माझं," जिजाबाई म्हणाल्या.

मिनल "हो जी" एवढंच म्हणाली आणि खाली स्वयंपाकघरात गेली.

मित्रांनो, आपल्या घराचे झरोके मोकळे ठेवा, पावसाळ्याआधी एकदा वर चढून बघा. बुरशी दिसलीच, तर आधी हवा कुठे अडली ते शोधा. घरातल्या माणसाकडे बोट दाखवायची घाई करू नका. मिनल अजून सासूबाईंशी कामापुरतंच बोलते.