शेवटचा लाल ताव

"ईस्टरपर्यंत हात लावायचा नाही," सेस्तिलियाबाई म्हणाल्या आणि गिटारच्या अंगाभोवती घट्ट आवळलेल्या कापडी पट्टीला त्यांनी शेवटची गाठ मारली. "बोट नाही, नख नाही, फुंकरसुद्धा नाही. आत्ता सेल्युलॉइड ओलं आहे, फुगलंय. वाळेल तसं आकसत जाईल. आकसायचं तेवढं आकसू दे. मग कापायचं."

"पण वाळलं हे कळणार कसं?"

"वासावरून. अॅसिटोनचा वास जातो, कापराचा राहतो. तुला तो फरक कळायचा नाही, म्हणून तुला तारीख देते. ईस्टर."

इलेनियाने मान हलवली, पण तिचं लक्ष गॅरेजच्या काचेच्या दाराबाहेर होतं. बाबागाडी तिने मुद्दाम बाहेर ठेवली होती, अॅसिटोनच्या वासापासून चार हात लांब. गाडीतलं निळं पांघरूण वर होतंय, खाली होतंय. दर दोन मिनिटांनी ती ते बघत होती.

"श्वास घेतोय तो," सेस्तिलियाबाई मागे न बघताच म्हणाल्या. "नऊ महिने घेतोय. आता सवय झाली असेल त्याला."

बाई ऐंशीला टेकल्या होत्या. याच गावात, कास्तेलफिदार्दोमध्ये, अकॉर्डियनच्या कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं एकच काम केलं होतं: सेल्युलॉइडचा, म्हणजे कापूर घालून केलेल्या जुन्या प्लास्टिकचा, ताव अॅसिटोनमध्ये भिजवून कातड्यासारखा मऊ करायचा आणि लाकडी खोक्यावर असा चढवायचा की कुठे सुरकुती नाही, कुठे बुडबुडा नाही. गावात पूर्वी त्याच कारखान्यांतून गिटारीही निघायच्या, तसल्याच चमचमत्या कातडीच्या. त्यामुळे इलेनियाने वरच्या मजल्यावरून गिटारचं नागडं लाकूड खाली आणून, "याला कुठला रंग देऊ?" असं विचारलं तेव्हा बाई जवळजवळ रागावल्याच. "रंग? रंग खुर्चीला देतात."

त्या दोघींची ओळख झाली ती झाडूच्या दांड्यामुळे. नोव्हेंबरात एलिओ, तिचं बाळ, रोज दुपारी चार वाजता रडायला लागायचा तो सहापर्यंत. एक दिवस खालून छताला ठक ठक ठक झालं. इलेनियाचा चेहरा पांढराफटक पडला. बाळाला कडेवर घेऊन ती माफी मागायला खाली गेली.

"माफी कसली मागतेस?" दार उघडून बाई म्हणाल्या होत्या. "मला वाटलं, वर कुणी मेलंबिलंय की काय. ये आत. मसूर शिजलाय."

तेव्हापासून दिवसातून एकदा खालून एक ठोका यायचा. म्हणजे, ठीक आहेस ना? इलेनिया वरून टाच आपटायची. म्हणजे, हो. काही दिवशी मोठ्या माणसाशी झालेलं तिचं तेवढंच बोलणं असायचं.

मिर्को, तिचा नवरा, जहाजावर इंजिनच्या खोलीत होता. बाळ दोन महिन्यांचं असताना गेला. चार महिन्यांनी येतो म्हणाला होता, आता सात होत होते. इलेक्ट्रिक गिटारचे सुटे भाग त्यानेच मागवले होते, तिचे दिवस भरत आले होते तेव्हा: कोरलेलं लाकूड, दांडी, पिशवीत तारांचा आवाज उचलणारे पिकअप आणि तारा आणि चोवीस स्क्रू. "मी येईन ना, तेव्हा तू मला वाजवून दाखव," असं तो जाताना दारात म्हणाला. त्याला आठवतही नसेल. पण इलेनियाच्या डोक्यात ते वाक्य घर करून बसलं होतं.

लग्नाआधी ओसिमोच्या तीन मुलींच्या बँडमध्ये ती वाजवायची. आता डॉक्टरांकडे, औषधाच्या दुकानात, सासूच्या फोनवर ती फक्त एलिओची आई होती. तिचं नाव घेऊन तिला हाक मारणारं गावात एकच माणूस उरलं होतं, आणि ते हाकही झाडूच्या दांड्याने मारायचं. मिर्को परत येईल तेव्हा दारात फक्त दुधाचे डाग पडलेला टी-शर्ट घातलेली बाई उभी नसावी, भिंतीवर तिने स्वतः बांधलेली गिटार टांगलेली असावी, एवढंच तिला हवं होतं.

तो ताव बाईंनी कपाटामागून काढला होता. फ्लॅनेलमध्ये गुंडाळलेला, लाल, आत मोत्याच्या लाटा. उलगडताच स्वयंपाकघरभर कापराचा वास.

"हा शेवटचा. कारखाना बंद झाला त्या दिवशी ज्याने त्याने काही ना काही उचललं. कुणी कात्री, कुणी भिंतीवरचं घड्याळ. मी हा."

"चोरलात?"

"चोरला कसला! माझ्याच टेबलावर होता. बरोबर घरी आला." मग तावावरून हात फिरवत, "नातीच्या अकॉर्डियनला ठेवला होता. नात बोलोन्याला असते. अकॉर्डियन म्हटलं की हसते. घे. पण एकच आहे, बिघडला तर दुसरा जगात नाही. असा लाल आता कुणी करत नाही."

पुढचा भाग त्यांनी सपाट चढवला. मग कडेने फिरणारी, तावाचीच लांब पट्टी. पट्टीची दोन टोकं वरच्या बाजूला एकमेकांवर चढवून ठेवली, चांगली दोन बोटं. ती तशीच राहायची. आकसणं संपलं की दोन्ही टोकं एकदम, एकाच सुरीने कापायची, म्हणजे सांध्यात केसही जात नाही. मागच्या बाजूला काळा रंग, कारण ताव तेवढा पुरला नाही.

मार्चचा पहिला आठवडा होता. ईस्टर पाच आठवड्यांवर.

इलेनिया बाकीच्या कामाला लागली. बाळ झोपलं की दांडीचं डोकं कानशीने घासायचं, पॉलिश पेपरने गुळगुळीत करायचं, दांडीवरच्या धातूच्या पडद्यांच्या बोचऱ्या कडा मारायच्या. चोवीस स्क्रू काचेच्या बरणीत, बरणी फ्रिजवर. रोज रात्री झोपण्यापूर्वी ती मोजायची. एकदा तेवीस भरले तेव्हा तिने एलिओच्या तोंडात बोट घालून बघितलं, लंगोट उघडून बघितला, शेवटी चोविसावा तिच्याच स्वेटरच्या बाहीत अडकलेला सापडला. ती फरशीवर बसून हसली, मग जरा रडली. खालून ठोका आला. तिने टाच आपटली.

तिसऱ्या आठवड्यात मिर्कोचा फोन आला.

"अगं, ऐक! बदली माणूस मिळाला. शनिवारी घरी!"

"या शनिवारी?"

"नाही, पुढच्या वर्षीच्या! या शनिवारी गं, वेडे. काय झालं, आनंद झाला नाही?"

"झाला ना. झाला," इलेनिया म्हणाली, आणि तिने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. ईस्टरला एकोणीस दिवस बाकी होते.

गुरुवारी सकाळी सेस्तिलियाबाई बाजारात गेल्या. गॅरेजची किल्ली इलेनियाकडे होतीच. तिने गिटार वर आणली, कापडी पट्टी सोडली, आणि लाल अंग नाकाशी धरलं. खोल श्वास घेतला. अॅसिटोनचा वास नाही. पुन्हा घेतला. अजिबात नाही. वाळलंय की, ती स्वतःशी म्हणाली, बाईंची तारीख म्हणजे जुन्या माणसांची सावधगिरी. त्या आठवड्यात एलिओला सर्दी झाली होती, आणि एलिओकडून ती तिला लागली होती. दोन दिवस तिला कॉफीचा वास येत नव्हता. हे तिला त्या क्षणी आठवलं नाही. किंवा आठवलं, आणि तिने ते आठवू दिलं नाही.

पट्टीची दोन टोकं तिने एका सुरीने, एका दमात कापली. सांधा इतका बारीक बसला की नख अडकेना. पिकअपची भोकं मोकळी केली, कडा घासल्या. टोकदार तुकडे सगळे गोळा करून ताबडतोब कचऱ्यात टाकले आणि पिशवी खाली टाकून आली, कारण एलिओ हल्ली रांगायचा आणि जे दिसेल ते तोंडात घालायचा. शुक्रवारी दिवसभर खिडकी उघडून, बाळ दुसऱ्या खोलीत ठेवून, दर दोन मिनिटांनी उठून तिने वायरी जोडल्या. ब्रिजखाली, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीखाली, जाणारी ती एक बारीक वायर विसरली नाही. ती विसरली तर तारांना हात लावला तरी घरघर थांबत नाही, हे तिला बँडच्या दिवसांपासून ठाऊक होतं.

दरम्यान बाई विचारून गेल्या. "गॅरेजातून गिटार कुठे गेली?"

"वर नेली. खाली जरा दमट आहे ना."

"दमट?" बाई म्हणाल्या. "माझं गॅरेज?"

शेवटचा स्क्रू बसला तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते. आठ वाजता निरोप आला. बदली माणूस लिस्बनला आजारी पडला. जहाज थांबणार नाही. 'ईस्टरनंतर नक्की. रागावू नकोस. एलिओला पापा.'

इलेनियाने 'नाही रागावले' असं लिहिलं. गिटार कपाटात उभी केली, कोटांच्या मागे, आणि दार लावलं.

ईस्टरच्या आधीच्या बुधवारी तिने कपाट उघडलं ते एलिओची उन्हाळी टोपी शोधायला. सर्दी केव्हाच गेली होती. आतून अॅसिटोनचा वास आला. फिका, पण आला. तिने गिटार उजेडात आणली. पुढून सगळं तसंच होतं, लाल, लाटा-लाटांचं. पण वरच्या कडेला, जिथे पट्टीची दोन टोकं भेटली होती, तिथे ती आता भेटत नव्हती. मधे नखाएवढी फट पडून पांढरं लाकूड दिसत होतं.

ती गिटार आणि बाळ दोन्ही उचलून खाली गेली.

सेस्तिलियाबाईंनी चष्मा लावला. फटीवरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवला.

"कधी कापलंस?"

"तुम्ही बाजारात गेला होतात तेव्हा. तीन आठवडे झाले होते."

"वास घेतलास?"

"घेतला. येत नव्हता." मग तिला सांगावंच लागलं. "मला सर्दी झाली होती."

बाई हसल्या. हसता हसता खोकल्या, खुर्ची धरून खाली बसल्या. "एकतीस वर्षं! सर्दी झाली की फोरमन आम्हाला घरी पाठवायचा. घरी जा, म्हणायचा, नाक घेऊन ये, मग सुरी घे." हसणं ओसरलं. "कुणासाठी एवढी घाई?"

"मिर्को येणार होता."

"आला?"

"नाही."

बाईंनी एलिओला मांडीवर घेतलं. तो त्यांच्या चष्म्याशी खेळायला लागला. "जा, कापलेले तुकडे घेऊन ये. अॅसिटोनमध्ये विरघळवते, लगदा करून फट भरते. दिसणारही नाही."

इलेनिया उभीच राहिली.

"काय झालं?"

"टाकले. टोकदार होते. याने तोंडात घातले असते."

बाईंनी तिच्याकडे बघितलं, मग मांडीवरच्या बाळाकडे, ज्याने आता चष्म्याची दांडी तोंडात घातली होती.

"घातले असते," त्या म्हणाल्या. "खरंच घातले असते."

"तुमचा ताव वाया घालवला मी."

"कपाटामागे पडून होता तेव्हा काय कामाला येत होता?" असं बाई म्हणाल्या, पण त्यांचा अंगठा अजून त्या फटीवरच होता. "रविवारी मुलगा न्यायला येतोय. अँकोनाला. दोन दिवस मी नाही. वाजवायची असेल तर वाजवून घे. इमारतीत कुत्रं नाही ऐकायला."

ईस्टरच्या दिवशी अकरा वाजता चर्चच्या घंटा वाजून थांबल्या. खालचे बाकीचे लोकही कुठे कुठे जेवायला गेले होते. सासूने बोलावलं होतं, पण बाळाला जरा कणकण आहे असं इलेनियाने सांगितलं. नव्हती. मिर्कोचा व्हिडिओ फोन आला तेव्हा तिने फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला आणि गिटार मांडीवर घेतली.

"ही तू केलीस? एकटीने?"

"सेस्तिलियाबाईंनी कातडी चढवली. बाकी मी."

"अरे वा! दुकानातली वाटते गं. एक रेघ इकडची तिकडे नाही!"

पुढून खरंच नव्हती. इलेनियाने खाली बघितलं. तिच्या हनुवटीखाली, वरच्या कडेला, ती पांढरी फट. गिटार मांडीवर घेऊन जी बसेल तिलाच ती दिसणार. सांगायला ती तोंड उघडणार होती.

"वाजव ना," मिर्को म्हणाला. "मी म्हटलं होतं ना, वाजवून—" आणि चित्र थिजलं, तो अर्धं तोंड उघडून तसाच राहिला, मग पडदा काळा झाला. तिने तीनदा लावून बघितला. जहाज खोल समुद्रात शिरलं असणार.

तिने अॅम्प्लिफायर लावला. खोलीभर घरघर झाली. सतरंजीवर बसलेला एलिओ दचकला, ओठ काढायला लागला. इलेनियाने तळहात तारांवर ठेवला. घरघर थांबली. एलिओने रडण्याचा विचार सोडून दिला. मग ती वाजवायला लागली. बोटं जड झाली होती, दोन ठिकाणी चुकली, तिसऱ्यांदा चुकली नाही. ओसिमोच्या बँडमध्ये त्या तिघी नेहमी जे गाणं पहिलं वाजवायच्या ते तिने अखेरपर्यंत वाजवलं, मोठ्याने, इमारतीत कुत्रं नव्हतं ऐकायला.

संपल्यावर ती सवयीने थांबली. खालून ठोका यायला हवा होता. एलिओही फरशीकडे बघत होता, त्यालाही आता सवय झाली होती.

"आजी नाहीये रे," ती त्याला म्हणाली. "उद्या संध्याकाळी येईल."

तिने हात तारांवरून उचलला. घरघर पुन्हा सुरू झाली, बारीक, सारखी, शेजारच्या खोलीत कुणी काम करत असावं तशी. बटण बंद करायला ती उठली होती, पण उठली तशीच परत बसली. अंगठा आपोआप त्या फटीवर गेला. मग, काय वाटलं कुणास ठाऊक, तिने टाच उचलून फरशीवर एकदा आपटली.